मनाचं ऐकून घेणारं माणूस गावच्या उपकेंद्रात बसायला हवं

आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत सकाळी कुठल्याही जनरल डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन बसा, बाकड्यावर दोन-चार बायका अशा असतातच की ज्यांना ताप नाही, खोकला नाही, बीपी-शुगर नॉर्मल, पण डोकं जड झालंय, हातापायाला मुंग्या येतायत, छातीत धडधडतंय, अन्न गोड लागत नाही आणि झोप तर कित्येक महिने धड लागलेली नाही. डॉक्टर तपासतात, अशक्तपणा आलाय म्हणतात, सलाईन लावतात, त्यात इंजेक्शन सोडतात, बाटलीतलं पाणी पिवळं झालं की पेशंटलाही बरं वाटतं आणि सोबत आलेल्या सासूलाही. चार-पाचशे रुपये जातात, आठ-दहा दिवस बरे जातात, मग परत तेच. मी डॉक्टरांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये, बाहेर पन्नास पेशंट ताटकळत असताना त्या बाईला नेमकं काय होतंय हे खोदून विचारायला जो अर्धा तास लागतो तो त्यांच्याकडे खरंच नसतो. पण मग तो अर्धा तास आहे तरी कुणाकडे? घरात कुणाला वेळ नाही, माहेरी सांगायची सोय नाही, शेजारी सांगितलं की संध्याकाळपर्यंत गावभर. तर हा अर्धा तास सरकारने माणूस शिकवून, त्याला नीट पगार देऊन, गावच्या आरोग्य उपकेंद्रात उपलब्ध करून द्यावा असं माझं मत आहे. लसीकरण जसं तिथे होतं, गरोदर बाईची तपासणी जशी होते, तशीच ही पण एक साधी, रोजची, फुकट मिळणारी सेवा असावी.

मानसिक आरोग्य म्हटलं की आपल्याकडे बोलणं लगेच टोकाला जातं. एका टोकाला येरवडा नाहीतर ठाणे, म्हणजे 'वेड्यांचं हॉस्पिटल', ज्याचं नाव आपण भांडणात शिवीसारखं वापरतो. दुसऱ्या टोकाला पुण्या-मुंबईतलं थेरपी प्रकरण, जिथे एका सेशनचे हजार-दीड हजार सहज घेतात आणि ते आठवड्याला एकदा, आणि समोरचा माणूस निम्मं इंग्रजीत बोलतो. या दोन टोकांच्या मधे जो भलामोठा पट्टा आहे तिथे आपण सगळे राहतो. नवरा पितो, पोराला कंपनीत परमनंट करत नाहीत, मुलगी सासरहून परत आली ती पुन्हा जायचं नाव काढत नाही, बारावीला ७२ टक्के पडले तरी घरात सुतक असल्यासारखं वातावरण, सोयाबीनला भाव नाही, सासऱ्याचं पॅरालिसिस झाल्यापासून सून चार वर्षं घराबाहेर पडलेली नाही. यातलं काहीच 'आजार' नाही. पण यातलं काहीही सहा महिने आतल्या आत कुढत ठेवलं तर त्याचा आजार व्हायला वेळ लागत नाही, आणि मग आपण म्हणतो अरे अचानक असं कसं झालं, परवा तर लग्नात हसत होता.

अचानक काही होत नसतं. एनसीआरबीचे, म्हणजे देशातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, आकडे दरवर्षी येतात आणि दरवर्षी एका दिवसाची बातमी होऊन जातात. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केली, त्यातले २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत आपला नंबर पहिला. कारणांच्या तक्त्यात सगळ्यात वर काय आहे बघा, 'कौटुंबिक समस्या', ३१.७ टक्के. कर्जबाजारीपणा नाही, परीक्षा नाही, प्रेमप्रकरणही नाही, ते सगळं खाली आहे. आता पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलेलं कारण म्हणजे पूर्ण सत्य नव्हे हे मान्य, आत्महत्येला एकच कारण कधी नसतं आणि कर्जावरून घरात रोज भांडणं होत असतील तर ते कुठल्या रकान्यात टाकायचं हा प्रश्न आहेच. तरीपण इतक्या घरांमध्ये शेवटी आठवलं ते घरातलंच दुःख, हे कसं विसरायचं? आणि घरातलं दुःख बोलायला आपल्याकडे अधिकृत अशी जागाच नाही. पोलीस स्टेशन आहे, कोर्ट आहे, तंटामुक्ती समिती आहे, पण ही सगळी भांडण हाताबाहेर गेल्यावरची ठिकाणं.

यावर हमखास ऐकू येतं की पूर्वी कुठे होतं हे काउन्सेलिंग, एकत्र कुटुंब होतं, आजी होती, पारावर माणसं बसायची, सगळे बोलून मोकळे व्हायचे. मला या म्हणण्याबद्दल आदर आहे, त्यात तथ्यही आहे, माणसं खरंच एकमेकांच्या जास्त जवळ होती. पण पारावर कोण बसायचं हेही आठवा जरा. सुना बसायच्या का पारावर? गावकुसाबाहेरची माणसं बसायची का? एकत्र कुटुंबातल्या तरुण विधवेने आजीपाशी मन मोकळं केलं असतं तर तिला काय उत्तर मिळालं असतं हे आपल्याला माहीत आहे. विहिरींना काठ होते आणि त्या काठांवरून उड्या मारलेल्या बायका प्रत्येक गावाच्या आठवणीत आहेत, फक्त त्यांची नोंद 'पाय घसरून पडली' अशी आहे. ऐकून घेणारं माणूस तेव्हाही काहींनाच मिळायचं. आणि आज तर ती आजीसुद्धा एकटीच टीव्हीसमोर बसलेली असते, पोरं चाकणला नाहीतर भिवंडीला.

आणखी एक जागा आहे, तिच्याबद्दल बोललंच पाहिजे, ती म्हणजे देवऋषी, बुवा, भगत. २०१३ साली आपल्या राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला, दाभोलकरांच्या खुनानंतर तो अध्यादेश निघाला हे आपल्याला ठाऊक आहेच, आणि तो कायदा हवाच होता. पण लोक तिकडे का जातात हे समजून घेतल्याशिवाय नुसत्या कायद्याने ते थांबायचं नाही. तिथे गेलं की माणसाला बसवून विचारतात, कधीपासून होतंय, घरात काय चाललंय, कुणाशी वाकडं आहे का. रडायची मुभा असते. अंगात आलेल्या बाईला त्या अर्ध्या तासात सगळं घर हात जोडून उभं राहतं, जे एरवी तिच्याशी धड बोलत पण नाही. करणी, बाधा ही त्या बुवाची उत्तरं खोटी आणि घातकच, लिंबू-नारळाच्या नावाखाली लुबाडणूक होते, मारहाण होते. पण त्याने जो वेळ दिला तो खरा होता. आपण त्रासलेल्या माणसाला सांगतो की तिकडे जाऊ नकोस, आणि मग 'जाऊ कुठं?' असं त्याने विचारलं की आपण जिल्ह्याच्या ठिकाणचं सिव्हिल हॉस्पिटल दाखवतो, सत्तर किलोमीटर, दोन एसट्या बदलून, केसपेपर, रांग, आणि एक दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्कच केलाय. २०२२ च्या १० ऑक्टोबरला टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन सुरू झाली, १४४१६ नंबर, मराठीत बोलता येतं, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं, आणि हा नंबर प्रत्येक एसटी स्टँडवर, प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण फोनवर बोलायला पण एकांत लागतो. दोन खोल्यांच्या घरात, सहा माणसांत, फोन नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात, तिथे ती बाई कुठे जाऊन बोलणार? आणि तज्ज्ञांचं म्हणाल तर देशात एक लाख लोकांमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, म्हणजे धड एक पण नाही, आणि तेही बहुतेक शहरातच. कितीही मेडिकल कॉलेजं काढली तरी ही दरी आपल्या हयातीत डॉक्टरांनी भरून निघणार नाही. मग ती कुणी भरायची?

याचं उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात, शोधून झालंय, आणि आपल्याकडच्या फारच थोड्या लोकांना ते माहीत आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. गोव्यात 'संगाथ' नावाची संस्था १९९६ पासून काम करते, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली. त्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. मानसशास्त्राची कुठलीही डिग्री नसलेली, स्थानिक, तिथलीच भाषा बोलणारी साधी माणसं घेतली, त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि ज्यांना बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन आहे अशा पेशंटांशी ठरलेल्या पद्धतीने सहा ते आठ वेळा बोलायला लावलं, कधी केंद्रात, कधी घरी जाऊन. पाचशेच्या आसपास पेशंट होते, निम्म्यांना हे समुपदेशन मिळालं, निम्म्यांना नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते आणि नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं, डॉक्टर लोक ज्या जर्नलवर डोळे झाकून विश्वास ठेवतात तिथे.

आता ही साधी माणसं करतात तरी काय, तर त्यात जादू काही नाही. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, आधी भजनाला जाणं सोडतो, मग शेजारणीकडे बसणं, मग केस विंचरणं, आणि जितकं सोडतो तितकं अजून उदास वाटतं, की अजून सोडतो. ही साखळी उलटी फिरवायची. माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत, वय पन्नाशीच्या पुढे, वर लिहिलंय त्या सलाईनच्या चक्रात त्या कैक वर्षं होत्या. नवऱ्याच्या दारूसाठी म्हणून सिव्हिलला गेल्या आणि तिथल्या समाजसेविका ताईंनी नवऱ्याचं झाल्यावर सहज त्यांनाच विचारलं, आणि काकू तुमचं कसं चाललंय? काकू सांगतात, मला आधी कळलंच नाही ती कुणाला विचारतेय. मग त्या जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. ताईंनी त्यांना उपदेश केला नाही, देवाचं नाव घ्या म्हटलं नाही, नवऱ्याला सोडा पण म्हटलं नाही. फक्त विचारलं की लग्नाआधी तुम्हाला काय करायला आवडायचं. काकूंना आठवेना. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, गोधडी शिवायला. तर मग घरी जाऊन रोज दुपारी अर्धा तास गोधडीचं काम करायचं, आणि वहीत मुलीकडून लिहून घ्यायचं, आज शिवली की नाही आणि शिवल्यावर कसं वाटलं, बरं, तसंच, का वाईट. एवढंच. पुढच्या वेळी ती वही बघून पुढचं ठरवायचं. नवरा अजूनही पितो, मी खोटं सांगणार नाही. पण काकूंची झोप परत आली, त्या आता बचत गटाच्या मीटिंगला जातात आणि दर महिन्याची सलाईन बंद आहे. हे काम करायला एमबीबीएस लागत नाही, पण शिकावं मात्र लागतं, कारण न शिकलेला माणूस पहिल्याच मिनिटाला म्हणतो, 'अहो घरोघरी मातीच्या चुली, कशाला मनाला लावून घेता.'

इथे मला थोडं थांबून बोलायचंय, कारण समुपदेशन म्हणजे समजूत काढणं असा जो समज आपल्याकडे पक्का बसलाय तो फार नुकसान करतोय, विशेषतः बायकांचं. बाई त्रास सांगायला आली की तिला 'समजावून' परत पाठवायचं, दोघांना समोरासमोर बसवायचं, नवऱ्याकडून एक माफी वदवून घ्यायची, आणि तू पण जरा जुळवून घे असं तिला सांगायचं, आणि याला काउन्सेलिंग झालं म्हणून रजिस्टरला नोंद. मी स्वतः अशा एका बैठकीला एका विद्यार्थिनीच्या बहिणीसोबत गेले होते. तिच्या दंडावर वळ होते आणि समोरचे गृहस्थ, स्वभावाने भले, तिला सांगत होते की बाळा संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. ती पोरगी शेवटी नुसती मान हलवत राहिली. तिला कुणी हे विचारलंच नाही की तुला काय हवंय, रात्री झोपताना भीती वाटते का, आज घरी गेल्यावर काय होईल. ते विचारणं म्हणजे समुपदेशन. मुंबई पोलिसांसोबत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ पासून महिलांसाठी जो विशेष कक्ष चालवला, तिथे हाच फरक पाळला गेला, बाईच्या बाजूने उभं राहून ऐकायचं, आणि तिचा निर्णय तिनेच घ्यायचा. चाळीस वर्षं झाली या गोष्टीला. म्हणजे आपल्याला माहीतच नाही असं नाही, आपण ते तालुक्याला पोचवलं नाही. मी गावच्या उपकेंद्रात जे माणूस मागतेय ते हे वळ बघणारं माणूस मागतेय, झाकली मूठ झाकलेलीच ठेवा म्हणणारं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो बहुतेकदा आमच्याच पुरोगामी मित्रांकडून येतो. ते म्हणतात की शेतकऱ्याला भाव द्या, पोरांना नोकऱ्या द्या, टेन्शन आपोआप जाईल, भाव न देता काउन्सेलर पाठवणं म्हणजे जखमेवर गोड बोलणं. यातली चीड मला कळते. शेतकरी आत्महत्यांवर उपाय म्हणून नुसती समुपदेशनाची योजना जाहीर करून सरकार हात झटकू शकतं हा धोका आहेच, तो नाकारायचा कशाला. पण माझा प्रश्न वेगळा आहे. भाव मिळेपर्यंत मधल्या काळात ज्या माणसाची झोप उडालीय त्याचं काय? आणि ज्याला झोप नाही, ज्याला सगळं संपलंय असं वाटतंय, तो माणूस पीकविम्याचा फॉर्म भरायला जातो का, बँकेत मॅनेजरसमोर बसून कर्जाच्या पुनर्गठनाचं बोलतो का, मोर्चाला येतो का? नाही येत. मन खचलं की हक्क मागायची पण ताकद राहत नाही, हे मी माझ्या घरात आणि आजूबाजूला बघितलंय.

आणि हे दोन्ही एकत्र करता येतं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, म्हणजे आपल्याकडच्या अगदी दुर्गम आदिवासी भागात, पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या एका केंद्राने 'आत्मीयता' नावाचं काम उभं केलं, साधारण २०१३ ते १५ च्या काळात. गावातलीच विश्वासाची माणसं निवडली, काहींनी फक्त लक्ष ठेवायचं की कोण गप्प गप्प झालंय, आणि काहींनी शिकून घेऊन त्या माणसाशी चार-सहा वेळा बोलायचं, मोबाईलवर छोट्या फिल्म दाखवायच्या, गरज असेल तर डॉक्टरकडे न्यायचं. पण त्यासोबत अजून एक काम त्यांच्याकडे होतं, ते म्हणजे पेन्शन, रेशन, रोजगार हमी, अपंगत्वाचं सर्टिफिकेट यातलं जे काही त्या माणसाचं अडकलंय ते मिळवून द्यायला मदत करणं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. विधवा बाईची निराधार योजनेची फाईल तहसीलमधे दोन वर्षं पडून असेल तर तिच्या काळजातला निम्मा घोर तिथे आहे, आणि तिच्यासोबत तहसीलच्या पायऱ्या चढणं हा उपचाराचाच भाग आहे. हे काम नंतर गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेलं. सुरुवात आपल्याकडे झाली आणि वाढलं तिकडे, याचं मला वाईट वाटतं.

विदर्भातही करून बघितलंय. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, आत्महत्यांचा विषय ऐन भरात असतानाच्या वर्षांमधे. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलणं, शिकवलेल्या समुपदेशकांनी भेटी देणं, आणि गंभीर असेल तर तज्ज्ञ. सुरुवातीला त्या गावांमधे डिप्रेशन असलेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के लोक मदत घेत होते, दीडेक वर्षाने ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आपली माणसं लाजतात, मनाचं बोलतच नाहीत, असं जे आपण म्हणतो ते पूर्ण खरं नाही. ओळखीचं माणूस दारात आलं, त्याने नीट विचारलं, की बोलतात. पुरुषसुद्धा बोलतात. गडी माणसाला मन नसतं असं आपण वाढवताना शिकवलेलं असतं म्हणून तो दारूच्या दुकानात जाऊन बोलतो, त्याला दुसरी जागा दिली तर तिथेही बोलेल.

राहिला प्रश्न दर्जाचा. अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्याचं मन द्यायचं का, हा प्रश्न मानसशास्त्र शिकलेले लोक विचारतात आणि तो त्यांनी विचारलाच पाहिजे. आज परिस्थिती काय आहे तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, पण नुसतं 'काउन्सेलर', 'लाईफ कोच', 'माइंड ट्रेनर' असा बोर्ड लावायला कुणाला कसली परवानगी लागताना दिसत नाही. दोन दिवसांचं वर्कशॉप करून तिसऱ्या दिवशी लोकांची लग्नं वाचवायला बसलेले आहेत. रीलवर तीस सेकंदात तुमचा नवरा नार्सिसिस्ट आहे का हे सांगणारे आहेत, आणि आमच्या अकरावीच्या पोरी ते बघून एकमेकींना ट्रॉमा, टॉक्सिक असले शब्द लावतायत. २०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा झाला, त्यात मानसशास्त्राशी संबंधित कामं करणारे येतात, त्याची अंमलबजावणी खालपर्यंत व्हायलाच हवी. पण गोव्यात जे केलं तिथे दर्जा सांभाळायची एक पद्धत होती ती मला डिग्रीपेक्षा महत्त्वाची वाटते. पेशंटच्या परवानगीने बोलणं रेकॉर्ड व्हायचं आणि दर आठवड्याला सगळे समुपदेशक एकत्र बसून एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकून कुठे चुकलं, कुठे घाई केली, कुठे सल्ला दिला हे तपासायचे, वर मार्गदर्शनाला तज्ज्ञ. सांगा, शहरातल्या किती महागड्या थेरपिस्टचं काम असं दर आठवड्याला कुणी तपासतं? साधा माणूस, बांधीव पद्धत, सततची देखरेख, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं दिसलं की वर पाठवणं. आवाजच ऐकू येतायत, जिवाचं बरंवाईट करायची भाषा आहे, बाळंतपणानंतर बाई बाळाकडे बघतच नाहीये, अशा वेळी गोळ्या लागतात, डॉक्टर लागतो, लवकर लागतो. ते ओळखणं हेही या माणसाचं काम.

ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने १९९० पासून, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून मराठीत हे काम करून दाखवलंय, साध्या मराठीत मनाबद्दल बोलता येतं हे या लोकांनी सिद्ध केलंय. त्याआधीपासून कि. मो. फडक्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे आपलेच चुकीचे विचार तपासून मन सावरायची पद्धत, मराठी वाचकापर्यंत आणला. प्रशिक्षणाला लागणारी भाषा, माणसं, अनुभव सगळं आपल्याकडे तयार आहे. नाही ते फक्त पद आणि पगार.

आणि इथे माझी एक कळकळीची विनंती आहे, हे काम कृपा करून आशाताईंच्या गळ्यात मारू नका. कुठलीही नवीन गोष्ट आली की आशा आहेच, सर्व्हे आशा, कुष्ठरोग आशा, कुपोषण आशा, आयुष्मान कार्ड आशा. मानधन वाढवा म्हणून २०२४ च्या सुरुवातीला याच बायका आझाद मैदानावर कित्येक दिवस बसल्या होत्या. जिचं स्वतःचं डोकं मोबाईलमधल्या फॉर्मांनी फुटायची वेळ आलीय तिने दुसऱ्याचं दुःख शांतपणे कधी ऐकायचं? आशाने फक्त ओळखावं आणि सांगावं, बोलायला वेगळं माणूस हवं, त्याच परिसरातलं, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, पाच-सहा गावांमागे, महिन्याला निश्चित पगार, मानधन नव्हे. २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या, म्हणजे दर्जा वाढवलेल्या उपकेंद्रांच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या, बारा सेवांच्या यादीत मानसिक आरोग्याची प्राथमिक तपासणी कागदावर आहेच, समुदाय आरोग्य अधिकारी पण नेमलेले आहेत, म्हणजे शून्यातून उभं करायचं नाहीये.

शाळा-कॉलेजचं तर मी रोजच बघते. सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या जुलैमधे सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. निकाल चांगला आहे. पण आमच्याकडे अशा निकालाचं काय होतं ते सांगते, एका शिक्षकाच्या नावापुढे 'समुपदेशक' असं लिहून फळ्याशेजारी पाटी लागते, आणि तोच शिक्षक प्रॅक्टिकलचे मार्क देणारा असतो. कुठलं पोरगं त्याच्याकडे जाऊन सांगेल की सर मला रात्री भलतेसलते विचार येतात? मार्क ज्याच्या हातात आहेत त्याच्याकडे मन मोकळं होत नाही, त्यामुळे हे माणूस शाळेच्या पगारावर नकोच, ते आरोग्य खात्याचं हवं आणि आठवड्यातले दोन दिवस त्याने शाळेत यावं. उपकेंद्रातलं तेच माणूस चालेल की. पोराला पण माहीत असेल की हे आईशी पण बोलतात, गावचेच आहेत, पण इकडचं तिकडे करत नाहीत.

'इकडचं तिकडे करत नाहीत' हे गावात सगळ्यात अवघड आहे, आणि योजना आखणारे शहरात बसून नेमकं हेच विसरतात. आमच्या इथल्या एका केंद्रात मी विचारायला गेले की समजा कुणाला खाजगी बोलायचं असेल तर कुठे बसवाल, तर नर्सताईंनी प्रामाणिकपणे इकडेतिकडे बघितलं. एक खोली बाळंतपणाची, एक औषधांची, एकात लसींचा फ्रीज, आणि व्हरांड्यात सगळं गाव. बोलणार कुठे? गावच्या आरोग्य समितीला दरवर्षी दहा हजार रुपयांचा निर्बंध नसलेला निधी येतो, ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचे पैसे असतात. एक आठ बाय दहाची खोली, आतून कडी लागणारा दरवाजा, दोन खुर्च्या, एक माठ, आणि बाहेर पाटी लावायची ती 'मानसिक आरोग्य' अशी नको, 'आरोग्य सल्ला' एवढीच पुरे, म्हणजे आत जाणाऱ्याकडे कुणी वळून बघणार नाही. आमच्या पुढच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे, दोन-तीन बचत गटांच्या बायका सोबत यायला तयार आहेत, आणि ग्रामसेवकांनी विषयपत्रिकेवर घ्यायचं कबूल केलंय. वाचणाऱ्यांपैकी कुणी आपापल्या गावात मांडणार असेल तर ठरावात खोलीसोबत हेही लिहा की समुपदेशकाचं पद मंजूर करावं म्हणून जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीकडे शिफारस करण्यात यावी, नाहीतर खोली बांधून होते आणि तिच्यात ब्लीचिंग पावडरची पोती जाऊन बसतात.